शब्दचर्चा : ‘बिल्डरचा परवाना रद्द’ म्हणजे नेमकं काय रद्द?

विश्रामबागकर
आमच्या स्कीमचं काम अर्धवट आहे. फ्लॅटधारकांच्या ग्रुपवर एकजण लिहितो ‘बिल्डरचं लायसन रद्द झालं’, दुसरा ‘परवानगी स्थगित’, तिसरा ‘त्यानं स्टे आणलाय’. तिन्ही एकच का? परवाना, परवानगी, नोंदणी हे शब्द कायद्यात वेगळे आहेत का? जाणकारांनी सांगावं.

मिरजकर
दादा, वेगळे आहेत, आणि दाद कुठं मागायची हे या फरकावरच ठरतं. डॉक्टरची किंवा वकिलाची सनद असते तसा बिल्डर या माणसाचा परवाना आपल्याकडं नसतोच. बातमीत ‘परवाना रद्द’ छापतात तेव्हा त्यामागं बहुतेक वेळा दोनपैकी एक कागद असतो.

एक म्हणजे महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी. ही त्या प्रकल्पाची असते. रेरा कायदा २०१६ चा, कलम ७ खाली ती रद्द होते. त्याआधी कारणं लिहून किमान ३० दिवसांची नोटीस द्यावीच लागते. नोंदणी लगेच न मोडता अटी घालून चालू ठेवायचा पर्यायही प्राधिकरणाला आहे. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडं जाता येतं, त्यानंतर उच्च न्यायालय. दिवाणी कोर्टाला यात अधिकार नाही.

दुसरा कागद बांधकाम परवानगीचा, म्हणजे महापालिकेनं नकाशा मंजूर करून दिलेला. तो नगररचना कायदा १९६६ च्या कलम ५१ खाली मागं घेता येतो, पण म्हणणं ऐकून घेऊनच, आणि काम बरंच पुढं गेलेलं असेल तर या कलमाखाली नाही. खोटी माहिती देऊन परवानगी मिळवली असेल तर महापालिका अधिनियमाचं कलम २५८ लावतात.

आदेशाची प्रत मिळाली असेल तर माथ्यावर ‘वाचले’ किंवा ‘संदर्भ’ असं लिहिलेलं असेल, त्याखाली कलमं, आधीची पत्रं, नोटिशीची तारीख. आधी ते वाचा. नोटिशीचा उल्लेखच नसेल तर आव्हानाचा पहिला मुद्दा तिथंच सापडतो. दुसरा मुद्दा सहसा ‘सकारण आदेश नाही’ हा असतो : बिल्डरनं खुलासा दिला, आणि तो का पटला नाही हे न लिहिता ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढ्या एका ओळीत उडवून लावला.

सातारकर
एक भर घालतो. कलम २५८ सांगली-मिरज-कुपवाडला लागू, कारण तिथं महापालिका आहे. साताऱ्यात नगरपालिका, तिचा कायदा १९६५ चा वेगळा. नगररचना कायदा मात्र दोन्हीकडं एकच.

आणि आमच्याकडं ‘लायसन गेलं’ हे ठेकेदाराबद्दलही म्हणतात. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी रद्द होणं किंवा काळ्या यादीत नाव जाणं, असा त्याचा अर्थ. तिथंही न ऐकता कारवाई चालत नाही. एरुशियन इक्विपमेंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कधीच सांगून ठेवलंय.

विश्रामबागकर
मग ‘स्थगिती’ आणि ‘निलंबन’?

मिरजकर
इथं लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सविस्तर लिहितो. निलंबन कार्यालय करतं : परवानगी तात्पुरती बाजूला ठेवली. स्थगिती वरचं कार्यालय किंवा कोर्ट देतं, आणि ती कशाला दिली हे सांगितल्याशिवाय शब्दाला अर्थच येत नाही. ‘कामाला स्थगिती’ म्हणजे साइट बंद. ‘रद्द करण्याच्या आदेशाला स्थगिती’ म्हणजे परवानगी तूर्त जिवंत, साइट चालू राहू शकते. लोक दोन्हीला ‘स्टे’च म्हणतात. बिल्डर ‘स्टे आणलाय’ म्हणाला की विचारायचं, कशावर? आणि पुढची तारीख कधी? अंतरिम स्थगिती मिळाली म्हणजे तो जिंकला असं होत नाही. गिऱ्हाइकाला मात्र तसंच ऐकवलं जातं, आणि त्या भरवशावर माणसं पुढचे हप्ते भरतात. याचा मला मनापासून राग येतो.

‘जैसे थे’ आणखी वेगळं. त्या दिवशी जी स्थिती आहे ती दोन्ही बाजूंनी तशीच ठेवायची.

अखेरीस आव्हान टिकलं तर निकालात ‘रद्दबातल’ हा शब्द येतो. बातल म्हणजे मुळातच पोकळ ठरवलेला. म्हणून ‘परवानगी रद्द करणारा आदेश रद्दबातल’ असं वाचलं की गोंधळू नका, परवानगी परत आली. बहुतेकदा प्रकरण फेरसुनावणीला जातं आणि नीट नोटीस देऊन तीच कारवाई नव्यानं होऊ शकते.

पलूसची ताई
नोंदणी खरोखरच गेली तर फ्लॅट घेतलेल्यांचं काय? त्यांनाही आव्हान द्यायला लागतं का?

मिरजकर
ताई, रेरा कायद्याचं कलम ८ त्यासाठीच आहे. उरलेलं काम कोणाकडून करून घ्यायचं हे प्राधिकरण शासनाशी सल्लामसलत करून ठरवतं, आणि ते काम हाती घ्यायचा पहिला हक्क फ्लॅटधारकांच्या संघाचा. पण बिल्डरच्या अपिलाची मुदत संपेपर्यंत असा आदेश अमलात येत नाही. तेवढ्या वेळात संघ नोंदवून घ्या. विखुरलेल्या सह्यांच्या अर्जाला हा हक्क मिळत नाही.

सातारकर
महापालिकेच्या आदेशावर उच्च न्यायालयात रिट याचिका करायची तर आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू आहे, सांगली-सातारा दोन्ही जिल्हे त्यात येतात. आणि ‘याचिका दाखल’ व ‘याचिका दाखल करून घेतली’ यातही फरक करा. पहिलं म्हणजे कागद खिडकीवर दिले. दुसरं म्हणजे कोर्टाला त्यात ऐकण्याजोगं काही दिसलं.