मदत हवी आहे: प्रोग्रेसिव्ह मेटलचे दहा अल्बम निवडायचे आहेत, पण या प्रकारात नेमके काय मोडते?

आमच्या श्रवणमंडळात पुढचे काही महिने प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकायचे ठरले आहे. दर बैठकीला एक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचे, अशी आमची पद्धत असल्यामुळे यादी दहाच्या पुढे नेता येणार नाही. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मंडळातील बहुतेकांचे कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेले आहेत. काहींनी पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिमसन हे प्रोग्रेसिव्ह रॉक बँड ऐकले आहेत, मेटलच्या वाटेला मात्र सहसा कोणी गेलेले नाही.

खरी अडचण व्याख्येची आहे. विषम मात्रा, लांबलचक रचना आणि वादनातील कसब ही तीन लक्षणे सर्वत्र सांगितली जातात. त्यांपैकी पहिले आमच्या मंडळींना पटवणे कठीण आहे, कारण ज्यांनी रूपक तालाच्या सात मात्रा साध्या भजनातही ऐकल्या आहेत, ते सात मात्रांच्या रिफने (गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरतुकड्याने) कशाला चकित होतील? लांबीचेही तसेच. आयर्न मेडनचे १९८४ मधील ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ तेरा मिनिटांहून मोठे आहे, तरी त्या बँडला सहसा कोणी या प्रकारात धरत नाही. कसबाबद्दल तर बोलायलाच नको. थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान मेटल, वाजवणाऱ्यांकडे ते कमी आहे, असे कोण म्हणेल?

मला स्वतःला असे वाटते की रचना कशी वाढत जाते, आधी ऐकलेला स्वरसमूह पुढे बदलून कसा परत येतो आणि संपूर्ण अल्बम एका सूत्रात बांधलेला आहे का, हे पाहावे. या कसोटीवर फेट्स वॉर्निंगचा ‘अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे’ (१९९७) सर्वांत आधी यादीत येतो, कारण तो अल्बम म्हणजे बारा भागांची एकच सलग रचना आहे. ड्रीम थिएटरचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२) आणि ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) यांच्याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. क्वीन्सराइकच्या ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ (१९८८) पाशी मात्र मी अडखळतो. त्याचे कथासूत्र भक्कम आहे, पण गाणी एकेकटी घेतली तर बरीचशी सरळ हेवी मेटलच वाटतात. याच्या अगदी उलट टेक्सासच्या वॉचटॉवरचा ‘कंट्रोल अँड रेझिस्टन्स’ (१९८९): त्यात ताल क्षणोक्षणी बदलतो, पण ऐकून झाल्यावर एकही धून मनात राहत नाही. टूलचा ‘लॅटरलस’ (२००१) आणि मेशुगाचे अल्बम या प्रकारात धरावेत का, हेही ठरत नाही. दिल्लीच्या केशव धर यांच्या स्कायहार्बरचा २०१२ चा पहिला अल्बम मला आवडतो, तथापि केवळ आपल्याकडचा म्हणून त्याला जागा द्यावी, असे वाटत नाही.

जाणकारांनी कृपया कारणांसह सुचवावे. नुसत्या नावांच्या याद्या इतरत्र भरपूर मिळतात.

प्रतिसाद:

‘माइंडक्राइम’ गाळू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही बँडनी मेडनचा जोर आणि रश या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची रचनापद्धती एकत्र आणली, तेथून हा प्रकार उभा राहिला. तो अल्बम नसेल तर पुढचे ड्रीम थिएटर आकाशातून पडल्यासारखे वाटेल. परंतु तुमच्या पक्क्या यादीत दुसरा प्रवाह जवळजवळ नाहीच. तो फ्लोरिडातील डेथ मेटलमधून आला. डेथ या बँडच्या ‘ह्यूमन’वर (१९९१) सिनिक या दुसऱ्या बँडचे गिटारवादक आणि ड्रमर वाजवत होते आणि त्याच दोघांनी १९९३ मध्ये सिनिकचा ‘फोकस’ केला, ज्यात जॅझची हार्मनी आणि यंत्रातून काढलेला मानवी आवाज ग्राउलिंगच्या (गुरगुरल्यासारख्या गायनाच्या) शेजारी बसतो. ‘फोकस’ यादीत हवाच.

तुमची कसोटी मला आवडली, पण ती ‘प्रोग्रेसिव्ह’ची आहे, ‘मेटल’ची नाही. ओपेथचा ‘हेरिटेज’ (२०११) तिच्यावर सहज उतरेल, तरीही त्याला मेटल म्हणणे अवघड आहे. नवख्या कानांना तयार करायचे असल्यास त्यांचा ‘डॅम्नेशन’ (२००३) आधी ऐकवा. तोही मेटल नाही, म्हणून तो यादीबाहेर ठेवा. टूलबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ‘लॅटरलस’च्या शीर्षकगीतात नऊ, आठ, सात असा मात्रांचा उतरता क्रम येतो, तेवढ्याने तुमच्या मंडळींचे समाधान होईल.

मेशुगा मात्र त्यांना अवश्य ऐकवा. ‘केऑस्फिअर’ (१९९८) मधील ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’मध्ये झांज चार मात्रांची सरळ लय धरून ठेवते, तर गिटार आणि पायाचे ड्रम तेवीस सूक्ष्म मात्रांचे चक्र फिरवतात. हे चक्र पाच वेळा पूर्ण होते, सहाव्या वेळी तेरा मात्रांवर तोडले जाते, आणि एकशे अठ्ठावीस भरताच सगळे समेवर येतात. तबला ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याला फक्त झांजेकडे लक्ष द्यायला सांगा.

धागाकर्ता:

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. ‘फोकस’ आणि ‘माइंडक्राइम’ दोन्ही घेतो, वॉचटॉवर सोडतो. मेशुगाचा संपूर्ण अल्बम ऐकवायचा तर ‘केऑस्फिअर’पेक्षा ‘कॅच थर्टीथ्री’ (२००५) घ्यावा, असे वाटते, कारण तो जवळपास पाऊण तास सलग चालतो. मात्र त्यातील ड्रम माणसाने वाजवलेले नसून संगणकावर रचलेले आहेत, त्यामुळे वादनातील कसब हे लक्षण मानणाऱ्यांना तो चालेल का? ज्यांचा विरोध असेल, त्यांनी त्याच्या जागी कोणता घ्यावा, तेही सांगावे.