शब्दचर्चा : 'खचदरी', 'भ्रंश', 'वली' यांत फरक काय?

भूगोलवाली : शहाद्याकडच्या शाळेत शिकवते. काल 'तापीचं खोरं म्हणजे खचदरी' असं सांगत होते, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, विहीर खचते तशी?" मी हो म्हणून मोकळी झाले, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. एका पुस्तकात 'प्रस्तरभंग', दुसऱ्यात 'भ्रंश', पोरांच्या तोंडी 'भेग'. हे सगळं एकच का?

तापीकाठ : ताई, पोरगं निम्मं बरोबर आहे. विहीर खचते तेव्हा कड आत ढासळते, तळ जागेवरच असतो. खचदरीत उलटं होतं. कडा उभ्या राहतात आणि मधला पट्टाच खाली बसतो. पाइपलाइनसाठी खणलेली चारी बुजवून वर रस्ता केला की पहिल्या पावसात तेवढीच पट्टी दोन सरळ कडांमध्ये खाली जाते, तो दाखला द्या. फक्त कारण वेगळं सांगा. चारीत भुसभुशीत माती दबते. भूकवचात दोन्हीकडून ताण पडतो, तिरकस तडे जातात आणि मधला ठोकळा त्या तड्यांवरून घसरत खाली उतरतो. तापी-नर्मदा अशा पट्ट्यांतून पश्चिमेला वाहतात, मध्ये सातपुडा उंच राहिलेला. म्हणून शाळेत त्याला 'गट पर्वत' म्हणतात.

बांधावरचा : मग आमच्या काळ्या रानाचं काय? एप्रिल-मेमध्ये मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आम्ही म्हणतो, 'जमीन फाटी गई'. हा पण भ्रंश म्हणायचा का?

तापीकाठ : नाही दादा. काळी माती वाळून आकसते, भेग पडते आणि पाऊस आला की मिटते. तुमच्या भेगेच्या दोन्ही कडा समोरासमोरच असतात. भ्रंशात एक बाजू दुसरीच्या मानाने सरकलेली असते, वर, खाली किंवा आडवी. खडकाचा एकच थर तड्याच्या अलीकडे कमरेएवढ्या उंचीवर आणि पलीकडे गुडघ्याएवढ्या उंचीवर दिसला, तर समजायचं भ्रंश. नुसती चीर असेल तर भेग किंवा तडा. धुळे-नंदुरबारकडे माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात, त्या डाइक. तिथं भूकवच ताणलं, फट पडली, तीत खालचा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, शिरून थिजला. पुढे बाजूचा खडक झिजला आणि भिंत उरली. त्या बऱ्याचशा पूर्व-पश्चिम जातात, म्हणजे ओढ उत्तर-दक्षिण होती.

जुनीवही : 'भ्रंश'मध्ये मुळातच घसरणं आहे. स्मृतिभ्रंश, बुद्धिभ्रंश, अपभ्रंश, सगळीकडे जागेवरून ढळणं. 'प्रस्तरभंग'मध्ये नुसतं मोडणं आहे, सरकणं नाही. माझं मत भ्रंशाला. आणि सरकणं संपलेलं नाही. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला होता. उनपदेवचं ऊन पाणीही असल्याच खोल फटींतून वर येतं असं मानतात.

भूगोलवाली : छान. आता 'वली'. 'हिमालय हा वली पर्वत' म्हटलं की वर्ग हसतो. आमच्याकडे पीर-वली घरोघरी माहीत!

जुनीवही : तो वली अरबीतून आलेला. हा संस्कृत, म्हणजे सुरकुती. त्याचाच मराठी भाऊ 'वळी'. पोटाला वळ्या पडतात ना, तीच. गोधडी जमिनीवर पसरा, दोन पोरांना समोरासमोरून ढकलायला लावा. ताणानं खचदरी, दाबानं वळ्या.

बांधावरचा : पण गोधडी मऊ असते. दगड कसा वळेल?

तापीकाठ : खापरावरचा मांडा आठवा. गरम असताना घडी पडते. गार होऊन कडक झाला की घडी घालायला गेलात तर तुकडे. खडकाचं तसंच. खोलवर उष्णता आणि दाब असतो, तिथं लाखो वर्षांत तो हळूहळू वळतो. वर थंड असतो, तिथं मोडतो. मोडण्याआधी थोडा वाकून जोर साठवतो, तो एकदम सुटला की भूकंप.

जुनीवही : जाता जाता एक तक्रार. या साठवलेल्या जोराला परिभाषेत 'प्रतिबल' आणि त्यानं आकार बदलला की 'विकृती'. विकृती म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, पण शब्द चोख आहे, मूळ रूप बदलणं. गोंधळ खरा 'ताण'चा. ओढलं तरी ताण, परीक्षा आली तरी ताण, आणि काही जण प्रतिबलालाही ताणच म्हणतात. भूगोलात तो फक्त ओढीसाठी ठेवावा.

भूगोलवाली : ठरलं. फळ्यावर 'वळी' लिहून समजावते आणि पेपरात 'वली' लिहा म्हणून बजावते, नाहीतर मार्क जायचे. गोधडी घरून नेते. मांड्याचं मात्र वर्गात बोलायची सोय नाही, सगळे म्हणतील, मॅडम, आणा!