बदलीवाल्यांची पोरं, येळवसीला (वेळ अमावस्येला) तुम्ही कुणाच्या रानात जायचात?

कोकण्या_८६ :
आम्ही मूळचे चिपळूणचे. वडील बँकेत, १९८६ ला उदगीरला बदली झाली तेव्हा मी तिसरीत होतो. पहिल्याच दिवशी वर्गात एकानं विचारलं "काय करलालास?" (म्हणजे काय करतोयस). मला कळलंच नाही, मी नुसता बघत राहिलो तर अख्खा वर्ग हसला आणि तिथून पुढं चार वर्षं माझं नाव कोकण्या. डब्यात भाकरी नसायची, भात असायचा त्यावरून चिडवायचे, घरी करडीच्या तेलाचा वास आईला सहन व्हायचा नाही आणि आई सोडे (सुकी कोलंबी) भाजायची त्या दिवशी घरमालकीण खिडक्या लावून घ्यायची (भांडली मात्र कधीच नाही, हेही सांगायला पाहिजे). जुलै संपत आला तरी रेनकोट खुंटीवरच.

पण खरं परकं वाटायचं ते वेळ अमावस्येला. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव गाड्या जुंपून रानात, म्हणजे आपापल्या शेतात, दुकानं बंद, गल्लीत माणूस नाही. ज्याला रान नाही तो घरात. पहिल्या वर्षी आम्ही चौघं दार लोटून वरणभात जेवलो. दुसऱ्या वर्षी शेजारच्या काकू आल्या, आईला काही विचारलं नाही, मला आणि ताईला उचलून सरळ गाडीत बसवलं. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, मडक्यातलं गार आंबील आणि ती भज्जी, त्यात ओली तूर, वाटाणे, हरभरा, काय काय असायचं. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती पळायचं असतं, ती काकांनी माझ्या हातात दिली. ते अजून डोळ्यासमोर आहे.

तुमच्यापैकी कुणी असं बाहेरून येऊन मराठवाड्यात वाढलंय का? गाव आपलं वाटलं का कधी?

थर्मल_कॉलनी :
मी परळीची, म्हणजे कॉलनीची. बाबा नागपूरकडचे, औष्णिक केंद्रात होते. आमचं उलटं होतं, आम्हाला गावात जायची गरजच पडायची नाही, शाळा आत, दवाखाना आत, नळाला पाणी, आणि गावातल्या मैत्रिणी उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत. एक मैत्रीण घरी आली तर बाथरूममधला नळ सोडून नुसती बघत उभी राहिली होती. मला त्या दिवशी फार लाज वाटली, का ते तेव्हा कळलं नाही. वैजनाथाला महाशिवरात्रीला जायचो तेवढंच गाव. २०१५ ला पाणीच नाही म्हणून केंद्र बंद ठेवायची पाळी आली ते वाचून पहिल्यांदा वाटलं की हे आपलं गाव आहे.

उदगीरकर :
मी गावचाच, वर्गात हसणाऱ्या पोरातला समजा. दादा, आम्हाला पण तुमची भीती वाटायची बरं का. बदलीवाल्यांची पोरं 'करतोस, जातोस' असं पुस्तकातल्यासारखं बोलायची आणि सर लगेच त्यांना उभं करून धडा वाचायला लावायचे, आम्ही 'करलालाव' म्हणलं की छडी. आमच्या घरात म्हातारी अर्धं कानडी बोलायची, गल्लीत उर्दू, बाजारात तेलुगू पण कानावर पडायचं, बिदर हे इथून जवळ. आता येळवस हा शब्दच बघा ना, कानडीत येळु म्हणजे सात, ज्येष्ठापासून मोजली तर ही सातवी अमावस्या, असं आमचे म्हातारे सांगायचे. शुद्ध कोण बोलत होतं इथं? तरी हसलो, चुकलंच ते. काकूंचं रान कुठल्या रोडला होतं?

कोकण्या_८६ :
नळेगाव रोडला. मागच्या वर्षी जाऊन आलो, तिथं आता प्लॉटिंग झालंय, विहीर तेवढी आहे. काकू गेल्या.

उदगीरकर :
आमचं रान हाय अजून. खोप दरवर्षी घालतो. ताईला पण घेऊन या, आदल्या रात्री मुक्कामालाच या म्हणजे भज्जी शिजताना बघायला मिळंल.