मदत हवी आहे: आरएनए-सीकमध्ये ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) थांबताना दिसतच नाही, टर्मिनेटर (थांबायच्या खुणा) शोधायचे कसे?

मीनल७:
जरा लवकर उत्तर हवंय, परवा गाईडसमोर हे दाखवायचंय. डुकरांच्या न्यूमोनियाच्या बॅक्टेरियाचा आरएनए-सीक डेटा आहे, म्हणजे त्याचा आरएनए तुकड्यातुकड्यांनी (रीड्स) वाचलाय. ब्राउझरमध्ये उघडला की जनुक संपलं तरी रीड्स सुरूच, सरळ पुढच्या जनुकात शिरतात, मधे खाली येतच नाहीत. टर्मिनेटर शोधणारं ट्रान्सटर्म एचपी चालवलं तर निम्म्याहून जास्त जनुकांच्या पुढे काहीच सापडत नाही आणि जिथे सापडतं तिथेही रीड्स पुढे जातातच. मग हे थांबतं तरी कुठे? याहून चांगलं टूल कुणाला माहीत असेल तर नाव सांगा प्लीज.

पेट्रीडिश:
बॅक्टेरिया कुठला? डुकरांच्या न्यूमोनियात पाश्चुरेला असतो, अ‍ॅक्टिनोबॅसिलस असतो, स्ट्रेप्टोकोकस सुइसही सापडतो. डीएनएत जीसी (जी आणि सी ही अक्षरं) किती टक्के? लायब्ररी स्ट्रँडेड आहे का, म्हणजे रीड डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून आली ते कळतं का? उरलेला डीएनए काढायला आरएनएला डीएनेज दिलं होतं का?

जुनाजाणता:
टूल बदलून काही होणार नाही, तुम्ही अर्धीच गोष्ट शोधताय. हेअरपिन (आरएनएची स्वतःवरच दुमडलेली घडी) आणि त्यानंतर यू-यू-यू अक्षरांची रांग हा एक प्रकार झाला, आरएनए बनवणारं पॉलिमरेज त्या यू वर रेंगाळतं, तेवढ्यात मागे हेअरपिन बनते, आरएनए-डीएनएची पकड यू आणि ए मुळे आधीच कमजोर असते आणि सगळं सुटून येतं. पण दुसरा प्रकार ऱ्हो नावाच्या प्रोटीनचा. जेफ्री रॉबर्ट्सनी १९६९ मध्येच दाखवला. सहा तुकड्यांचं कडं असतं, आरएनएवर सी जास्त आणि जी कमी अशा पट्ट्यावर बसतं, एटीपी जाळत पॉलिमरेजपर्यंत जातं आणि त्याला पाडतं. त्याला हेअरपिन लागत नाही, म्हणून ट्रान्सटर्मला तो दिसणारच नाही. सरळ कल्चरमध्ये बायसायक्लोमायसिन घाला, ऱ्हो बंद पडेल, आणि जिथे रीड्स आणखी पुढे वाहतील तिथे ऱ्होची जागा होती असं समजा. मी ई. कोलायमध्ये हे केलंय, चित्र अगदी स्वच्छ येतं.

पेट्रीडिश:
सर, बॅक्टेरियाचं नाव कळायच्या आधीच ऱ्हो कशाला? गाईंच्या कासदाहातला स्टॅफ ऑरियस घ्या, त्यात ऱ्होचं जनुक काढून टाकलं तरी तो वाढतो. ई. कोलायचं सगळ्यांना लागू होत नाही.

जुनाजाणता:
स्टॅफ मी म्हटलंच नाही. पाश्चुरेला असेल तर तो ई. कोलायच्याच बाजूचा, ग्रॅम निगेटिव्ह, तिथे ऱ्हो बघावंच लागेल.

मीनल७:
सॉरी, मला वाटलं डुकरांचा न्यूमोनिया म्हटल्यावर कळेल. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए आहे. जीसी २८-२९ टक्के. लायब्ररी स्ट्रँडेड, डीएनेज दिलंय. आता टूल सांगा कुणीतरी.

गोठ्यातला_डॉक्टर:
मायकोप्लाझ्मा असेल तर पेनिसिलीन गटातलं काही देऊ नका. त्याला पेशीभित्तिकाच नसते, औषध चालणार कशावर? टियाम्युलिन किंवा टायलोसिन चालतं, पण आधी सेन्सिटिव्हिटी बघा, आणि एका बाड्यात फार जनावरं कोंडू नका, हवा खेळती ठेवा. खोकला आठवडेच्या आठवडे राहतो आणि वजन वाढत नाही, सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

मीनल७:
डॉक्टर, धन्यवाद, पण माझ्याकडे जनावरं नाहीत, फक्त सीक्वेन्स आहे.

अर्धवर्तुळ:
मायकोप्लाझ्मा म्हटल्यावर ऱ्होचा विषयच संपला. मायकोप्लाझ्मांच्या जीनोममध्ये ऱ्होचं जनुकच नसतं, त्यामुळे बायसायक्लोमायसिन घालून काहीही कळणार नाही. म्हणजे हेअरपिनवालाच प्रकार उरतो आणि खरी अडचण इथेच आहे. एवढ्या कमी जीसीत यू ची रांग जागोजागी आपोआप मिळते, तिला पुरावा मानता येत नाही. उलट जीसीने भरलेलं घट्ट हेअरपिन दुर्मीळ, जे असतात त्यांचे दांडे (जोडी जुळलेला भाग) कमजोर. ई. कोलायच्या हिशोबाने ऊर्जेचा (हेअरपिन किती घट्ट हवं याचा) कटऑफ ठेवला तर खरे टर्मिनेटर गळून जातील, सैल केला तर वाट्टेल ते आत येईल. आर्नोल्ड हे दुसरं टूल चालवून दोन्हीकडे काय समान येतं ते बघा, पण तीच अडचण तिथेही येणार, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. आणि रीड्स पुढे जातात हे या जीवात इतकं नवलाचं नाही, एकाच दिशेची जनुकं खेटून बसलेली असतात, बरीचशी एकाच लांब आरएनएवर येतात.

जुनाजाणता:
ऱ्हो नाही हे मान्य. पण मग सगळं हेअरपिनवर ढकलणंही बरोबर नाही. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिएमध्ये पॉलिमरेजच्या मागे प्रोटीन बनवणारा रायबोझोम चिकटून चालतो आणि मधे नसए (NusA) हे प्रोटीन असतं, हे २०२० मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने पेशीच्या आतच दिसलं. रायबोझोम इतका जवळ असेल तर हेअरपिन बनायला जागा कधी मिळते?

अर्धवर्तुळ:
रायबोझोम स्टॉप कोडॉनला (प्रोटीन संपल्याच्या तीन अक्षरी खुणेला) उतरतो. टर्मिनेटर त्याच्या पुढे असतो, तिथे जागा मिळतेच. मुद्दा चांगला आहे पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न राहून जाईल.

टी_सेल:
थोडं अवांतर. याच मायकोप्लाझ्माचं एक प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवायला घेतलं होतं, दर वेळी तुटकंच यायचं. यूजीए या कोडॉनला मायकोप्लाझ्मा ट्रिप्टोफॅन वाचतो आणि ई. कोलाय स्टॉप. एकेक कोडॉन बदलून घ्यावा लागला. प्रोटीन बनवणार असाल तर आधीच हे करा, फार वेळ वाचेल.

पेट्रीडिश:
टी_सेल, हे अजिबात अवांतर नाहीये! मीनल, जनुकांच्या सीमा कुठून आल्या? अ‍ॅनोटेशन (जनुकं ओळखणं) कशाने केलंय? प्रोक्का या टूलला वेगळं सांगितलं नाही तर तो बॅक्टेरियासाठी कोड ११ (कोडॉन वाचायचा नेहमीचा तक्ता, यूजीए म्हणजे स्टॉप) धरतो, मायकोप्लाझ्माला ४ द्यावा लागतो. ११ ने केलं असेल तर प्रत्येक यूजीएपाशी जनुक संपलं असंच दिसणार. मग तिथे टर्मिनेटर कुठून असेल आणि रीड्स तरी का थांबतील, ते तर जनुकाच्या मधोमधच आहेत! शिवाय ट्रान्सटर्म एचपी विश्वासांक काढताना जनुकाच्या आतलं आणि बाहेरचं वेगळं धरतं, म्हणजे तेही बिघडलं.

मीनल७:
फाइल मला तयार मिळाली होती, प्रोक्काचीच आहे, कोड कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही. तपासते.

मीनल७:
कोड ११ च होता. ४ देऊन परत अ‍ॅनोटेशन केलं, जनुकांची संख्या खूपच कमी झाली. जिथे "थांबत नाही" म्हणून डोकं धरलं होतं त्यातल्या बहुतेक सीमा आता एकाच जनुकाच्या आत आहेत. ट्रान्सटर्मही परत चालवलं, बऱ्याच खऱ्या शेवटांपुढे आता हेअरपिन दिसतंय. पण काही जोड्या अजून तशाच आहेत, दोन वेगळी जनुकं, मधे चांगली मोकळी जागा, हेअरपिनही आहे आणि तरी रीड्स पुढे जातात, फक्त कमी होऊन. हे खरं मानू की नाही?

अर्धवर्तुळ:
कमी होऊन पुढे जातात हीच तर महत्त्वाची खूण. टर्मिनेटर गळका असेल तर असंच दिसतं, काही पॉलिमरेज सुटतात, काही पार होतात. आधी हेअरपिनच्या लगेच पुढे दुसऱ्या जनुकाचा स्वतःचा प्रमोटर (सुरुवातीची खूण) आहे का बघा, नाहीतर तिथून सुरू झालेल्या रीड्स तुम्ही पार झालेल्या म्हणून मोजाल. मग एक प्रायमर पहिल्या जनुकात, दुसरा पुढच्या जनुकात घेऊन आरटी-पीसीआर करा, दोन्ही एकाच आरएनएवर असतील तरच बँड येईल. सोबत आरटी (आरएनएचा डीएनए करणारं) एन्झाइम न घातलेली ट्यूब हवीच, तीत बँड आला तर डीएनए उरलाय, मग डीएनेज दिलंय म्हणून भागत नाही. आरएनएची ३ प्राइम (शेवटची) टोकं मोजायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, सापडलेलं टोक म्हणजे पॉलिमरेज थांबलं तीच जागा असं नाही, एक्सोन्यूक्लिएज मागे कुरतडत येतं आणि हेअरपिनपाशी अडतं.

मीनल७:
प्रायमर आजच डिझाइन करते. परवा नवीन अ‍ॅनोटेशन आणि या जोड्यांची यादी दाखवते, जेल नंतर.

गोठ्यातला_डॉक्टर:
लस पण येते याची, ती राहिली सांगायची. पिल्लं लहान असतानाच द्यायची.