एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) पहिल्या मीटिंगला जायचंय, आत नेमकं काय होतं?

पिंपरीत कारखान्यात आहे. सेकंड शिफ्ट सुटली की क्वार्टर लागतेच. बायकोला शब्द दिलाय, रविवारी मीटिंगला जाणार. नाव-पत्ता लिहून घेतात का? बोलावंच लागतं का? ओळखीचं कुणी भेटलं तर?

उत्तर: दादा, जरूर जा. आडनाव, नोकरी, जात कुणी विचारत नाही. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, नवीन माणसाने त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुरे. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ओळखीचा भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. दहा मिनिटं आधी पोचा आणि पहिल्यांदाच आलोय असं सांगा. मीटिंगनंतर चहाला थांबा, खरं बोलणं तिथेच होतं. कुणाचा तरी फोन नंबर घेऊनच निघा.

उत्तर: वहिनींना अल-अनॉनबद्दल सांगा, ते घरच्यांसाठी असतं. मला तिथे फार आधार मिळाला. ‘ओपन’ मीटिंगला त्या तुमच्यासोबतही येऊ शकतात, ‘क्लोज्ड’ला नाही.

उत्तर: रोजची असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. हात थरथरणं, भास, फिट येणं जिवावर बेतू शकतं. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. सरकारी हेल्पलाइन 14446, कॉल मोफत आहे.

प्रश्नकर्ता: सकाळी हात थरथरतात माझे. उद्याच डॉक्टरांकडे जातो. रविवारची मीटिंग ओपन आहे, ही पण येतेय.