‘विषय संपला’ म्हणणाऱ्यांसाठी: गाडीशिवाय कोकण, सायकलवर

चेनगार्ड
परवा ‘घाटउतार’ यांनी इथे, आपल्या सायकल फोरमवर, लिहिलं: “रेल्वेत सायकल नेता येत नाही, एसटीला छतावर सामान टाकायचा टप उरला नाही. गाडीशिवाय सायकलची सुट्टी हे परदेशी व्हिडिओ बघून सुचलेलं खूळ आहे. सायकल गाडीमागे बांधा, कोकणात उतरवा, दोन तास फिरवा. विषय संपला.”

विषय संपला म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लांबण.

मी, नवरा आणि १४ वर्षांची मुलगी, जानेवारीत सात दिवस. परळहून अंधारात निघून सायकलवर भाऊचा धक्का, तिथून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, मांडवा. मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांडा ते दिघी जंगलजेटी, म्हणजे खाडीपार गाड्या नेणारी फेरीबोट. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वी, पुन्हा जंगलजेटी. केळशी, आंजर्ले, दाभोळ. दाभोळहून धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा चार खाड्या ओलांडल्या. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. आम्ही रांगेच्या कडेने पुढे जाऊन जेटीच्या कठड्याला सायकली टेकवायचो. दिवसाला ४०-५० किलोमीटर, त्यातले निम्मे चढ. खाडी आली की उतरायचं, खाडी गेली की चढायचं. कोकण सपाट आहे असं मी कुठेही म्हणणार नाही.

परतीला रत्नागिरीहून रेल्वे. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, आमच्याच तिकिटावर ‘लगेज’ म्हणून बुक केल्या. ‘पार्सल’ म्हणून नाही. लगेज आपल्याच गाडीने येतं, पार्सल जागा मिळेल तेव्हा. हा फरक माहीत नसलेलेच ‘नेता येत नाही’ म्हणतात. पेडल काढली, हँडल फिरवून दांडीला समांतर केलं, मागच्या गिअरवर जुनी उशी बांधली, वरून गोणपाट घालून दाभणाने शिवलं. तिघांच्या सायकलींना दीड तास. सात दिवसांत कटकट म्हणावी ती एवढीच.

घाटउतार
ताई, अभिनंदन. पण सात दिवसांत रेल्वे वापरली एकदा, तीही परतीला. म्हणजे माझाच मुद्दा.

आता नियमच काढताय तर काढू. स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट. मात्र सायकल त्या सवलतीत बसत नाही. म्हणजे ४० किलोची ट्रंक चालते, १२ किलोची सायकल नाही. २०२३ पासून मडगावला वंदे भारत आहे, तिला ब्रेकव्हॅनच नाही. म्हणजे गाडी जितकी नवी तितकी सायकलीला जागा कमी.

आणि अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी सायकल बुक केली, पावती घेतली, सगळं रीतसर. मी माझ्या स्टेशनवर उतरलो. सायकल उतरली नाही, ती गेली गोव्याला. मी फलाटावर हेल्मेट घालून उभा, हातात पावती. तीन दिवसांनी परत मिळाली तेव्हा मागचा गिअर जिथे बसतो तो हँगर वाकलेला, आरडी म्हणजे तो मागचा गिअर स्पोकात घुसलेला. तुमची दीड तासाची शिवणकला ठीक, पण आत फेकणारा हमाल उशी बघत नाही.

वीस_इंची
म्हणून फोल्डिंग घ्या. मी पाच वर्षं नेतोय. कापडी पिशवीत घालून सीटखाली, नाहीतर दाराजवळच्या कोपऱ्यात. एका टीसीने विचारलं, “पेटी का? वाजवा की मग.” मी म्हटलं, भजन नाही येत साहेब. हसून गेला.

घाटउतार
डब्यात नेण्याच्या सामानाचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर. तुमची वीस इंची मिटली तरी जाडी चाळीसच्या आसपास. तो टीसी हसला म्हणून नियम बदलला नाही. दुसरा हसणार नाही, दंड फाडेल. शिवाय त्या चाकांवर हेदवीचा चढ चढून दाखवा.

वीस_इंची
चढलोय. उतरून, ढकलत. त्यात लाज कसली? तुम्ही मात्र टेप घेऊन फिरा.

अ‍ॅटलासवाला
लहान मुलांनो, भांडू नका. १९७८ साली आम्ही चौघे कराडहून चिपळूणला एसटीच्या टपावर सायकली टाकून गेलो. मागची शिडी चढून, काथ्याने बांधून. कंडक्टरने सायकलींचं वेगळं तिकीट फाडलं. कुंभार्ली घाट उतरताना वर सायकलींची घंटी आपोआप वाजत होती. गिअर नाही, लायक्रा नाही, पाण्याच्या बाटलीला पिंजरा नाही. लेंगा आणि क्लिप. आता टप गेला आणि तुमच्या सायकलीची किंमत आमच्या लग्नापेक्षा जास्त झाली, म्हणून हे सगळे प्रश्न.

संगमेश्वरी
सगळं वाचलं. मजा वाटली. आता माझं ऐका.

सायकलीला जागा मागताय. माणसाला कुठे आहे? कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली, जमिनी आमच्या गेल्या. गणपतीचं आरक्षण उघडलं की मोजून दोन मिनिटांत वेटिंग. आमची रत्नागिरी पॅसेंजर वर्षानुवर्षं दादरहून सुटायची. कोविडनंतर ती दिवा स्टेशनवर आणून ठेवली. तांदूळ, नारळ, कोकमं घेऊन गावाहून येणारी म्हातारी माणसं दिव्याला उतरतात आणि तिथून लोकलला लोंबकळतात. त्या लोकांपुढे तुमची उशी बांधलेली सायकल म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

चेनगार्ड
दादा, दादरचं दुःख खरं आहे, पण ती गाडी सायकलवाल्यांनी नेली का? ब्रेकव्हॅनमध्ये माणसं बसत नाहीत. माझी सायकल तिथे गेली म्हणून तुमची सीट गेली नाही.

संगमेश्वरी
आंब्याच्या दिवसांत त्याच ब्रेकव्हॅनमध्ये पेट्या जातात. मुंबईकरांना कोकण म्हणजे जानेवारीतले सात दिवस. आम्हाला मे महिन्यात पेटी मागे राहिली की वर्ष मागे राहतं.

चेनगार्ड
मुंबईकर? माझं माहेर देवरुख. परळला राहते म्हणून मी पर्यटक झाले? आजोबा गिरणीत होते, तीस वर्षं एसटीने गावी गेले. मला कोकण शिकवू नका.

वीस_इंची
झालं सुरू. चाकरमानी विरुद्ध गाववाले.

संगमेश्वरी
देवरुख म्हणजे माझ्याच तालुक्यातलं. मग तर जास्तच वाईट वाटलं.

घाटउतार
मी संगमेश्वरींच्या बाजूने. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, रेल्वेत ही दशा, आणि आपण कशावर बोलतोय तर दाभणावर.

लोकलने_ठाणा
दादरला फलाट आणि लोकलचं वेळापत्रक हेही बघा. लांबची गाडी उशिरा आली की मागच्या दहा लोकल अडकतात. ते चाकरमानीच असतात.

संगमेश्वरी
इतकी वर्षं अडकत नव्हत्या? उत्तरेकडच्या गाड्या दादरला चालतात, त्यांच्यामुळे अडकत नाहीत? ठाण्याच्या लोकांनी यात पडू नये.

लोकलने_ठाणा
मी मूळचा लांज्याचा आहे हो! इथे ठाण्याचा माणूस म्हणजे कोण समजता?

अ‍ॅटलासवाला
म्हणजे इथे सगळेच रत्नागिरी जिल्ह्यातले निघाले. फक्त घाटउतार घाटावरचे, आणि गाडी त्यांचीच.

घाटउतार
काका, आहे गाडी. आई ७४ वर्षांची आहे, तिला हरिहरेश्वरला दर्शनाला न्यायचं तर सायकलच्या दांडीवर बसवू?

चेनगार्ड
आईंना गाडीनेच न्या, कोण नाही म्हणतंय? मी ‘सगळ्यांनी’ असं एकदाही लिहिलेलं नाही. तुम्ही ‘कुणालाच जमत नाही’ असं लिहिलंत, भांडण त्याच्याशी. आणि एक सांगा, तुमची सायकल गोव्याला गेली, तुमच्या स्टेशनवर गाडीचा थांबा किती होता?

घाटउतार
दोन मिनिटं.

चेनगार्ड
पाच मिनिटांपेक्षा कमी थांबा असेल तिथे बुकिंग साधारणपणे घेतच नाहीत, कारण ब्रेकव्हॅन उघडून माल काढायला वेळ मिळत नाही. म्हणून तर आम्ही रत्नागिरी धरलं. मधल्या छोट्या स्टेशनांवर सायकल उतरवायचा हट्टच करायचा नाही.

घाटउतार
मग घेतलं कसं बुकिंग? खिडकीवरच्या माणसाला कळायला नको? चूक माझी?

चेनगार्ड
त्याचीच. पण गाडीशिवाय जायचं तर थोडं आपणही बघून ठेवावं लागतं.

घाटउतार
म्हणजे रेल्वे वापरायला आधी रेल्वेत नोकरी करावी लागते. मान्य. जमतं. कुणाला जमतं, तर ज्याला गोणपाट शिवता येतं, थांबे पाठ आहेत आणि माहेर देवरुखला आहे.

मुलगा मांडव्याच्या बोटीसाठी मागे लागलाय, म्हणून विचारतो. रो-रोत सायकल चालवत शिरू देतात की ढकलत?

चेनगार्ड
ढकलत. उतार ओला असतो, मुलाला चपला घालून आणू नका. आणि मुरूडला आलात तर आगरदांड्याला शेवटची फेरी आधी विचारून ठेवा, अंधारात अडकाल.

घाटउतार
मुरूडपर्यंतच. पुढे नाही. तिथून बायको गाडी घेऊन येईल.

वीस_इंची
हा हा. आली गाडी.

संगमेश्वरी
तुमचं मिटलं वाटतं. दादरचं?