आठ पानी मराठी कॉमिक: फुगे, शाई आणि गर्दीतली माणसं

आडवीरेघ:
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी ८ पानांचं कृष्णधवल कॉमिक करायचं आहे. मूळ पानं ए३ कार्ट्रिज कागदावर, छपाई ए४. संहिता तयार आहे, पण तीन ठिकाणी काम अडलंय. चित्र पूर्ण करून संवादाचे फुगे टाकले की पात्रांची डोकी झाकली जातात. ०.२ मिमीच्या पेनानं जवळजवळ रेघा मारून केलेलं छायांकन चाचणी प्रिंटमध्ये चिकटून काळं होतं आणि सुट्या बारीक रेघा तुटतात. शिवाय एसटी स्टँडच्या गर्दीत सगळी माणसं एकाच साच्यातली दिसतात. रोज दोन तास मिळतात. क्रम कसा लावावा?

बोरू:
फुगे शेवटी टाकता, तिथंच चूक आहे. आधी अक्षरं, मग फुगा आणि उरलेल्या जागेत चित्र. आठही पानांची तळहाताएवढी कच्ची रेखाटनं करा, मग ए३ वर चौकटी आखून पेन्सिलनं संवाद खऱ्या आकारात लिहा. माणसाचं डोकं कुठं येणार हे त्यानंतरच ठरतं.

छापील पानावर अक्षर ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका. ए३ चं ए४ होताना सगळं ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे मूळ पानावर अक्षर साधारण साडेपंधरा पॉइंटचं हवं. दोन ओळींतलं अंतर इंग्रजी कॉमिकसारखं ठेवलं तर वरच्या ओळीतल्या 'तू', 'कृष्णा'चे उकार-ऋकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या रफाराला आणि वेलांटीला भिडतात. ११ पॉइंटच्या अक्षराला १५ पॉइंटची ओळ द्या.

लंबगोल फुगा मराठीला त्रासदायक. शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळीचा माथा सपाट असतो आणि आपले शब्द लांब, मधे तोडता न येणारे. गोल कोपऱ्यांचा चौकोन घ्या, बरीच जागा वाचते. एका फुग्यात १२ ते १५ शब्द पुरे. जास्त असतील तर दोन फुगे जोडा, पण वाक्य क्रियापदाच्या आधी तोडू नका. दुसऱ्या फुग्यात एकटं 'आहे' लोंबकळलं की संवाद मरतो. आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून ओरडणं जाडीनं आणि आकारानं दाखवा. देवनागरी तिरकी केली की नुसती कलंडल्यासारखी दिसते.

शाईदौत:
रेघा तुटण्याचं कारण बहुतेक वेळा स्कॅनिंग असतं. ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचा, स्कॅन छापखान्यात गेला की रेघेचे ठिपके होतात. ग्रेस्केल ६०० डीपीआयवर स्कॅन करा, थ्रेशोल्ड लावून शुद्ध काळं-पांढरं करा आणि टिफ फाइलमध्ये पाठवा. जेपेग नको, रेघेभोवती करडी धूळ येते. पिक्सेल कमी न करता ७१ टक्क्यांवर बसवलं तर छापताना साधारण ८५० डीपीआय मिळतात. ए४ स्कॅनरवर ए३ दोन भागांत घ्यावं लागेल. तीन-चार सेंटिमीटर भाग दोन्हीकडे सामाईक ठेवा आणि कागदाची कड काचेच्या चौकटीला टेकवूनच लावा, नाहीतर जोडताना चौकटी वाकड्या होतात.

छायांकन चिकटतं कारण ०.२ ची रेघ ०.१४ होते, तशीच मधली पांढरी फटही आकसते आणि शाई कागदावर पसरून ती बुजवते. मूळ पानावर दोन रेघांत निदान १ मिमी मोकळा ठेवा. बाह्यरेषेला टाक किंवा ब्रश वापरा. नव्या निबवर तेलाचा थर असतो, साबणानं धुतल्याशिवाय शाई धरत नाही. वॉटरप्रूफ काळ्या शाईत बहुधा लाख असते, ती निबवर सुकते. दर १०-१५ मिनिटांनी पाण्यात बुडवून पुसा. रेघेला केस फुटत असतील, म्हणजे शाई कडेनं पसरत असेल, तर निबला दोष देण्याआधी दुसऱ्या कागदावर तीच रेघ मारून पाहा.

कच्चं काम फिक्या निळ्या पेन्सिलनं करा. मग ग्रेस्केलऐवजी रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनेल (चित्राचा निळा थर) ठेवला की ते जवळजवळ नाहीसं होतं. खोडरबर लागत नाही, त्यामुळे शाईही फिकी पडत नाही.

पोथी:
गर्दीचं सांगतो. स्टँडवर २० मिनिटं बसा, एका माणसाला एकच मिनिट द्या, आणि चेहरा काढूच नका. ओझं काढा. उजव्या हातात जड पिशवी असेल तर धड डावीकडे झुकतं. डोक्यावर पाटी असेल तर मान सरळ आणि हनुवटी स्थिर राहते. ताटकळलेला माणूस एका पायावर भार टाकतो. त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो. अशी ४० रेखाटनं जमली की साचा आपोआप मोडतो, कारण माणसं चेहऱ्याआधी उभं राहण्यावरून वेगळी होतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाण्याची कला, जरूर पाहा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही तिची चित्रं आहेत. तिच्यातली पोथी म्हणजे एका गोष्टीची सुटी चित्रं. गाता गाता एकेक समोर धरायचं, पुढचं मागे दडलेलं. कॉमिकमध्ये हेच काम पान उलटणं करतं. पान उलटल्यावर आधी डावं पान दिसतं, म्हणून धक्क्याची चौकट अंकातल्या सम क्रमांकाच्या पानाच्या डोक्यावर हवी. तुमचं कॉमिक अंकात डाव्या पानावर सुरू होतंय की उजव्या, हे संपादकांना आजच विचारा. नंतर कळलं तर सगळी मांडणी एका पानानं सरकते.

दोन तासांचा हिशेब: कच्ची रेखाटनं २ दिवस, अक्षरं २, पेन्सिल पानाला २, शाई पानाला २, स्कॅनिंग ३. एकूण ३९. सगळी पेन्सिल संपवूनच शाई घ्या, नाहीतर पान १ चा नायक पान ८ वर निराळा दिसतो. शाईची सुरुवात पान ४ पासून करा. हात बसल्यावर पहिलं पान घ्या, सगळ्यात जास्त तेच पाहिलं जातं.

आडवीरेघ:
खूप आभार, संपादकांना लगेच विचारतो. अक्षरं फाँटनं घ्यायची ठरली तर? फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते.

बोरू:
फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा आणि प्रोग्रॅम बंद करून उघडा. जुना मजकूर आपोआप बदलत नाही. इंकस्केप या चित्रकामाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये हा प्रश्न येत नाही. 'कलम' हा हस्ताक्षरी वळणाचा फाँट मोफत आहे, फुग्यात शोभतो. छापखान्यात पाठवण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे त्यांचं आकृत्यांत रूपांतर करा. त्यांच्याकडे श्रीलिपी हे जुन्या फाँटांचं सॉफ्टवेअर असेल आणि तुमचा युनिकोड फाँट नसेल तर फुग्यांत रिकामे चौकोन छापले जातील. आउटलाइन न केलेली प्रत मात्र जपून ठेवा, मुद्रितशोधनाच्या दुरुस्त्या तिच्यातच करायच्या आहेत.